मृत्यूचे भय आणि मानसोपचार

मराठी घरातून बाहेर पडणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. हातातली बांगडी फुटली तर ती ‘वाढते’, रात्री दुकान बंद करायचे झाले तर ते ‘वाढवायचे’ असते, आणि देवापुढचा दिवा विझत नाही, तो ‘शांत’ होतो. माणूस गेला म्हणजे तो कैलासवासी होतो, देवाघरी जातो, त्याला देवाज्ञा होते. ‘मरणे’ हे सरळ क्रियापद भाषेने उंदीर-घुशींसाठी, शिव्यांसाठी आणि घरातल्या त्राग्यासाठी राखून ठेवले आहे. ज्या शब्दाला उंबऱ्याच्या आत घ्यायचे नाही असे सर्वांनी मिळून ठरविले आहे, तोच शब्द घेऊन एखादा माणूस मानसोपचारतज्ज्ञाकडे येतो, तेव्हा तज्ज्ञाने काय करावे? विंचवाला भिणाऱ्या माणसाला घराचा कोपरान् कोपरा झाडून दाखविता येतो आणि ‘पाहा, विंचू नाही’ असे म्हणता येते. मृत्यूला भिणाऱ्याच्या घरात विंचू आहे, हे मात्र रुग्णाला ठाऊक असते आणि चिकित्सकालाही. मग उपचार करावयाचा तो कशावर?

मानसोपचारशास्त्राने हा प्रश्न स्वतःला फार उशिरा विचारला. सिग्मंड फ्रॉइड आणि योझेफ ब्रॉयर यांचा हिस्टेरियावरील ग्रंथ १८९५ साली प्रसिद्ध झाला, आणि आधुनिक मानसोपचाराचा आरंभ पुष्कळजण तेथून मोजतात. त्यातील पहिलीच रोगिणी, ‘आना ओ.’ या टोपणनावाने प्रसिद्ध झालेली तरुणी, वडिलांच्या अखेरच्या आजारात त्यांची शुश्रूषा करता करता स्वतः आजारी पडली होती. मृत्यू असा खोलीतच बसलेला असताना उपपत्तीचा शोध मात्र अन्यत्र चालू राहिला. पुढे पहिले महायुद्ध पेटल्यावर, १९१५ साली, फ्रॉइडने युद्ध आणि मृत्यू यांविषयी एक निबंध लिहिला. मनुष्य नेणिवेच्या पातळीवर स्वतःच्या मरणावर विश्वास ठेवतच नाही, असे त्यात त्याचे प्रतिपादन आहे. महाभारतातील यक्षप्रश्नांची ज्यांना ओळख आहे त्यांना हे नवे वाटणार नाही. जगातले सर्वांत मोठे आश्चर्य कोणते, या प्रश्नाला युधिष्ठिराने दिलेले उत्तर याच आशयाचे आहे. परंतु युधिष्ठिर जेथे थांबला तेथून फ्रॉइड पुढे गेला. ज्याची प्रतिमाच मनात उमटत नाही त्याचे भय कसे असेल, असा त्याचा तर्क होता. तेव्हा मृत्यूचे म्हणून जे भय दिसते ते मुळात दुसऱ्याच कशाचे तरी असले पाहिजे: बालपणीच्या एखाद्या धाकाचे, अपराधीपणाचे, टाकून दिले जाण्याचे.

या तर्काचा परिणाम पुढील कित्येक दशके टिकला. रुग्ण मरणाविषयी बोलू लागला की चिकित्सक त्याच्या बोलण्याखाली काय दडले आहे ते उकरू लागे. रुग्ण म्हणे ‘मला मरायची भीती वाटते’, आणि ऐकणारा मनात म्हणे ‘म्हणजे नक्की कशाची?’ हा दुसरा प्रश्न मोलाचा आहे. तो पुढे पुन्हा येणारच आहे. दोष इतकाच होता, की उत्तर आधीच ठरलेले असे आणि त्या उत्तरात मृत्यू कधीच नसे. स्वतः फ्रॉइडला १९२३ साली जबड्याचा कर्करोग झाल्याचे आढळले. त्यानंतरची सोळा वर्षे त्याने तीसहून अधिक शस्त्रक्रिया सोसल्या, आणि १९३९ च्या सप्टेंबरात लंडनमध्ये त्याचे निधन झाले, त्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत तो रुग्ण पाहत होता. मृत्यूशी त्याने केलेला हा व्यवहार त्याच्या सिद्धान्तापेक्षा अधिक सरळ होता, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर हवा बदलली. नाझींच्या छळछावण्यांतून जिवंत परतलेल्या व्हिक्टर फ्रँकल या व्हिएन्नाच्या मनोवैद्याचे पुस्तक १९४६ साली निघाले, आणि जगण्याला अर्थ आहे की नाही हा प्रश्न मनोवैद्याच्या खोलीत उघडपणे येऊन बसला. पण मृत्यूच्या भयाला मानसोपचारात स्वतःचे असे स्थान मिळवून दिले ते मुख्यतः अर्विन यालोम यांनी. १९३१ साली वॉशिंग्टनमध्ये जन्मलेले यालोम कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात मनोविकारशास्त्राचे अध्यापक होते. अस्तित्ववादी मानसोपचारावरील त्यांचा मोठा ग्रंथ १९८० साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी फ्रॉइडचे गाडे उलटे फिरविले. मृत्यूचे भय हे दुसऱ्या कशाचे सोंग आहे असे मानण्याऐवजी, इतर पुष्कळ भये हीच मृत्यूभयाची सोंगे असतील, असे त्यांनी सुचविले. माणूस दोन समजुतींच्या आडोशाने जगतो, असे त्यांचे निरीक्षण आहे. एक समजूत अशी, की आपण अपवाद आहोत; नियम इतरांना लागू. दुसरी अशी, की अखेरच्या क्षणी कोणीतरी येऊन सोडवील. कामात स्वतःला जाळून घेणारा कर्तबगार पुरुष पहिल्या आडोशाला बसलेला असतो, आणि डॉक्टरांच्या प्रत्येक शब्दावर प्राण टांगून ठेवणारा रुग्ण दुसऱ्या. आडोसा जोवर टिकतो तोवर ठीक. कोसळला की माणूस उघड्यावर येतो. फ्रॉइडचे टोक सोडून हे दुसरे टोक गाठले, असा आक्षेप यालोम यांच्यावर घेता येईल, कारण प्रत्येक कुलपाला एकच किल्ली लावण्याचा मोह त्यांनाही सुटलेला नाही. परंतु त्यांनी प्रत्यक्षात जे काम केले ते या वादाहून मोठे आहे.

१९७० नंतरच्या दशकात स्टॅनफर्ड येथे एक असा प्रयोग सुरू झाला की जो तोवर कोणी फारसा केला नव्हता. स्तनांचा कर्करोग शरीरात अन्यत्र पसरलेल्या, म्हणजे ज्यांना बरे होण्याची आशा वैद्यकाने दिलेली नव्हती अशा स्त्रियांचे छोटे छोटे गट करण्यात आले. आठवड्यातून एकदा दीड तास त्या एकत्र बसत आणि बोलत. सोबत यालोम, त्यांचे तरुण सहकारी डेव्हिड स्पीगेल आणि इतर चिकित्सक असत. जाणकारांना हा विचार क्रूर वाटला. मरणाच्या वाटेवर असलेल्या स्त्रियांना एका खोलीत बसवून मरणाविषयी बोलावयास लावायचे, आणि गटातली एकेक जण जाताना उरलेल्यांनी पाहायचे! त्यांचे धैर्य खचेल, आजार बळावेल, अशी भीती बोलून दाखविण्यात आली.

घडले ते निराळेच. घरी या स्त्रियांशी कोणी खरे बोलत नसे. नवरा धीर देई, मुले विषय बदलीत, मैत्रिणी प्रकृती चांगली दिसते असे सांगून लवकर उठत. या गटात त्यांना प्रथमच अशी माणसे भेटली की ज्यांच्यापुढे चेहरा सावरून बसावे लागत नव्हते. एखादी जण गेली की तिच्यासाठी रडले जाई. आणि त्या रडण्यातून उरलेल्यांना हेही कळे की, आपण गेल्यावर आपल्यासाठीही या खोलीत कोणी रडेल. आरशासारख्या एकतर्फी काचेआडून वैद्यकाचे विद्यार्थी हे गट पाहत असत. सामान्यतः रुग्णांना असे पाहिले जाणे आवडत नाही. या स्त्रियांनी मात्र त्याचे स्वागत केले, कारण आपल्याजवळ शिकविण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटू लागले होते.

यातूनच चिकित्सकांच्या ध्यानात एक गोष्ट आली, आणि या विषयातला सर्वांत उपयोगी विचार तोच आहे. मृत्यूचे भय ही एक अखंड शिळा नाही. ती फोडली की तिचे तुकडे निरनिराळ्या जातीचे निघतात. एकीला मरणाचे काही वाटत नव्हते, पण शेवटी वेदना असह्य होतील याची धास्ती होती. दुसरीला वेदनेपेक्षा परावलंबनाचे भय होते: दुसऱ्याने अंग पुसावे, दुसऱ्याने घास भरवावा. तिसरीचा जीव लहान मुलात अडकला होता. चौथीला वाटे की आपण अजून जगलोच नाही. जे करायचे ते पुढे ढकलीत आलो आणि आता पुढे काही उरले नाही. मरणावर उपाय नसला तरी या प्रत्येक तुकड्यावर काही ना काही करता येते. वेदनेसाठी औषध आहे. स्टॅनफर्डच्या गटांत त्याखेरीज स्वसंमोहनाचे धडेही दिले जात. परावलंबनाविषयी घरच्यांशी आधी बोलून ठेवता येते. मुलासाठी व्यवस्था लावता येते, पत्र लिहून ठेवता येते. राहून गेलेल्या आयुष्याचे दुःख सर्वांत अवघड, पण त्या स्त्रियांपैकी कित्येकींनी उरलेल्या महिन्यांत नको ती कामे सोडली, नको त्या माणसांना भिणे सोडले, आणि जवळच्यांशी वर्षानुवर्षे तुंबलेले बोलून टाकले. जगायचे कसे हे कळायला शरीर असे पोखरून निघावे लागले, ही खंत त्यांतल्या काहींनी बोलून दाखविल्याचे यालोम यांनी नमूद केले आहे.

या कामाचे शास्त्रीय मोजमापही झाले. १९८१ साली स्पीगेल, जोन ब्लूम आणि यालोम यांनी दाखवून दिले की गटांतील स्त्रियांची मानसिक अस्वस्थता आणि भये, गटाबाहेरील तशाच रुग्ण स्त्रियांच्या तुलनेने कमी होती. १९८३ साली वेदनेविषयीही तसाच निष्कर्ष निघाला. मग एक मोठी खळबळ झाली. मन खंबीर केले की कर्करोग हटतो, अशा तऱ्हेचा जो भाबडा प्रचार त्या काळी चालला होता तो खोडून काढावा म्हणून स्पीगेल यांनी जुने कागद पुन्हा काढले आणि कोण किती दिवस जगले ते तपासले. आकडे पाहून ते स्वतःच चकित झाले. एकूण ८६ स्त्रियांपैकी गटात बसलेल्या स्त्रिया सरासरी ३६.६ महिने जगल्या होत्या, इतर १८.९ महिने. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात हे प्रसिद्ध झाले, आणि बोलण्याने आयुष्य दुप्पट होते ही वार्ता जगभर पसरली.

ती टिकली नाही. २००१ साली कॅनडातील २३५ स्त्रियांवरील चाचणीत गटोपचाराने आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. २००७ साली ऑस्ट्रेलियातील चाचणीचा निष्कर्षही तोच निघाला, आणि त्याच वर्षी खुद्द स्पीगेल यांनी आपलाच प्रयोग १२५ स्त्रियांवर पुन्हा करून पाहिला तेव्हा एकंदरीत आयुर्मानात फरक आढळला नाही. स्वतःच्या कीर्तीचा पाया ज्या शोधावर उभा तोच पुन्हा तपासून नकार जाहीर करणे, ही शास्त्रज्ञाची सचोटी म्हणावी लागेल. परंतु या उलथापालथीत एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटली. कॅनडातील त्याच चाचणीत, विशेषतः ज्या स्त्रिया आरंभी अधिक व्याकूळ होत्या त्यांच्या बाबतीत, मनाचा त्रास आणि वेदना कमी झाल्याचे आढळले होते. उपचाराने मृत्यू लांबला नव्हता. भय मात्र सौम्य झाले होते. ज्यांनी आयुष्य वाढेल या आशेने गटाकडे पाहिले त्यांना ही फसवणूक वाटली. वास्तविक मृत्यू पुढे ढकलण्याच्या आशेवर उभा असलेला उपचार हा त्या दुसऱ्या आडोशाचाच एक प्रकार झाला असता, आणि प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत तो कधी ना कधी कोसळणारच होता.

मृत्यूच्या भयाने पछाडलेली सर्वच माणसे मरणाच्या दारी असतात असे मात्र नाही. किंबहुना मनोवैद्यांकडे येणाऱ्यांत धडधाकट माणसेच अधिक दिसतात. चाळिशी उलटलेला एखादा गृहस्थ घ्या. समवयस्क मित्र हृदयविकाराने गेला, तेव्हापासून याला रात्री छातीत धस्स होते. हृदयाचा आलेख निर्दोष निघतो, डॉक्टर पाठ थोपटतात, चार तास बरे वाटते, आणि पहाटे पुन्हा हात नाडीकडे जातो. मग दुसरे डॉक्टर, मग मोबाईलवर रोगांची लक्षणे वाचणे, मग बायकोला उठवून ‘माझा चेहरा पांढरा पडला का?’ असे विचारणे. येथे भयाला खतपाणी घालते ती दिलाशाची ओढ. प्रत्येक तपासणी मनाला शिकविते की, ‘तपासले म्हणून वाचलो’. आणि पुढची तपासणी अटळ होते. बोधात्मक वर्तनोपचार या नावाने ओळखली जाणारी पद्धत या चक्रावर घाव घालते. नाडी पाहण्याची ऊर्मी आली तर ती अर्धा तास लांबवायची, मग एक तास. दिलासा मागायचा नाही आणि घरच्यांनी द्यायचा नाही. त्याबरोबर ज्या ज्या गोष्टी तो टाळीत आला त्यांच्याकडे त्याला टप्प्याटप्प्याने नेले जाते: वर्तमानपत्रातील निधनवार्तांचे पान वाचणे, अंत्ययात्रेला जाणे, मृत्युपत्र करणे. भय चढते, शिखरास पोचते आणि आपोआप उतरते, हा अनुभव त्याला कोणाच्याही समजावणीवाचून यावा लागतो. २०१८ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी मृत्यूभयावरील उपचारांच्या अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा ही पद्धत विशेष गुणकारी ठरल्याचे त्यांना आढळले.

नुसत्या युक्तिवादाने काय साधते, हाही एक जुना प्रश्न आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या-तिसऱ्या शतकांत होऊन गेलेला ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस याचा कोटिक्रम प्रसिद्ध आहे. मृत्यू येतो तेव्हा त्याचा अनुभव घेणारे कोणी उरत नाही, म्हणून तो भिण्याजोगा नाही, असा त्याचा आशय. यालोम हा विचार रुग्णांपुढे ठेवीत, आणि काहींना तो लाभे. बहुतेकांच्या डोक्यात तो उतरतो, छातीत उतरत नाही. पतंजलीने पाच क्लेशांत ‘अभिनिवेश’, म्हणजे जीविताला चिकटून राहण्याची ओढ, गणली आणि ती विद्वानांतही तितकीच रुजलेली असते असे बजावून ठेवले, त्याचे मर्म हेच असावे. ज्याला मागे राहणाऱ्या मुलीची काळजी आहे त्याला ‘तू नसशील’ हे सांगणे म्हणजे सांत्वन नव्हे. त्याचे दुःख नेमके तेच आहे.

श्रद्धेच्या बाबतीतही असाच विवेक लागतो. पुनर्जन्म मानणाऱ्या समाजात मरणाचे भय कमी असावे, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. अनुभव तितका सरळ नाही. श्रद्धाळू माणसाला आत्म्याच्या अमरत्वाविषयी शंका नसेलही. पण न फेडलेले ऋण, आईवडिलांशी झालेले वर्तन, भावाशी धरलेला अबोला यांचा हिशेब त्याला छळतो. अशा वेळी चिकित्सकाने श्रद्धा खोडून काढू नये आणि कीर्तनही करू नये. त्या हिशेबातली कोणती बाब सर्वांत जड आहे, एवढेच त्याने विचारावे.

भारतात या कामापुढे एक खास अडचण असते, आणि ती प्रेमातून उद्भवते. रोगनिदान झाले की नातेवाईक डॉक्टरांना बाहेर गाठतात आणि सांगतात, ‘त्यांना काही सांगू नका, ते सहन करू शकणार नाहीत.’ रुग्णालयाच्या नावावरून, औषधांवरून, मुलीच्या सुजलेल्या डोळ्यांवरून रुग्णाला सारे उमगलेले असते. पण मुलांना दुःख होईल म्हणून तोही न कळल्याचे सोंग करतो. एकाच खोलीत दोन बाजूंनी एकच गुपित राखले जाते, आणि मरणारा माणूस भरल्या घरात एकटा पडतो. आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांसाठी भारतातले पहिले शुश्रूषागृह, ‘शांती अवेदना आश्रम’, मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली सुरू झाले. १९९३ साली केरळमध्ये कालिकतच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात वेदनाशमनाचे जे केंद्र उभे राहिले त्यातून गावोगावच्या स्वयंसेवकांची चळवळ वाढली, आणि २००८ साली केरळ शासनाने या सेवेचे अधिकृत धोरण जाहीर केले. या परंपरेचे मूळ लंडनच्या सिसिली सॉन्डर्स यांच्याकडे जाते. मरणासन्न माणसाची वेदना शरीराची, मनाची, संसाराची आणि श्रद्धेची अशी एकत्रच असते, हे त्यांचे सूत्र. सेंट ख्रिस्टोफर्स हे त्यांचे शुश्रूषागृह १९६७ साली उघडले.

अशा ठिकाणी काम करणारा समुपदेशक नातेवाइकांशी भांडत नाही, आणि रुग्णावर सत्य आदळतही नाही. तो आधी नातेवाइकांना विचारतो की, त्यांना काय काय ठाऊक असेल असे तुम्हांला वाटते? मग रुग्णापाशी बसून विचारतो की, तुमच्या दुखण्याविषयी तुम्हांला किती जाणून घ्यावेसे वाटते? काहीजण ‘मुलाला सांगा, तो पाहील’ म्हणतात, आणि तो त्यांचा अधिकार आहे. पुष्कळजण मात्र इतके दिवस हा प्रश्न कोणी विचारील म्हणून थांबलेले असतात. कॅनडातील हार्वी चोचिनोव्ह यांनी या संभाषणाला एक बांधीव रूप दिले आहे. आपण कोणती कामे केली, घरच्यांनी आपल्याविषयी काय लक्षात ठेवावे, कोणाला काय सांगायचे राहिले, असे प्रश्न विचारून रुग्णाचे बोलणे ध्वनिमुद्रित करतात, नीट लिहून काढतात, त्यालाच वाचून दाखवितात आणि त्याच्या इच्छेनुसार घरच्यांच्या हाती देतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोठ्या चाचणीत खिन्नतेच्या मोजपट्ट्यांवर विशेष फरक उमटला नाही. रुग्णांनी मात्र हे आपल्याला उपयोगी पडले, घरच्यांनाही पडेल, असे सांगितले.

मराठी घरात ते कागद लिहून घ्यायला चोचिनोव्ह यांची प्रश्नावली हाताशी असेलच असे नाही. बिछान्याशेजारी खुर्ची ओढून, दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलाला आत बोलावून, ‘तुम्हांला सर्वांत जास्त काळजी कशाची वाटते?’ असे विचारले तरी काम सुरू होते. उत्तरात पुष्कळदा मरणाचा उच्चारही नसतो. धाकटीचे लग्न, गावाकडच्या जमिनीचा सातबारा, बारा वर्षे न बोललेला भाऊ, आणि रात्री दुखू लागले तर कोणाला हाक मारायची, अशी ती उत्तरे असतात.